शिवदारा कुणी सोडला

ही हकिकत मी आजवर कुणाला पुरी सांगितलेली नाही. अर्धी मात्र इतक्या वेळा सांगितली आहे की ती आता तोंडपाठ झाली आहे. निजामाच्या अमलात मला गालाचा कर्करोग झाला, मी इंग्रजी मुलखात जाऊन ऑपरेशन करून आलो आणि वाचलो, हे आमच्या चौसाळ्याच्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. कुणाच्या तोंडात न भरणारा चट्टा निघाला की घरचे लोक त्याला आधी माझ्याकडे आणतात. मी दिव्याजवळ नेऊन तोंड बघतो, माझा गाल दाखवतो आणि सांगतो, भिऊ नको, उशीर करू नको, उद्याच नीघ. त्यातले बरेचजण गेले आणि बरे होऊन आले. ही गोष्ट सांगताना माझा आवाज कधी कापला नाही, आजही कापत नाही.

राहिलेली अर्धी गोष्ट रोगाची नाही, माझ्या थोरल्या बहिणीची आहे. ती जाऊन नऊ वर्षं झाली. ज्या दिवशी मी खोटं बोललो त्या दिवशी आमच्या ओसरीवर जे लोक बसले होते, त्यांतले आता दोघे-तिघेच उरलेत. मी गेलो की माझं खोटंच खरं म्हणून मागे राहील. म्हणून हे लिहून ठेवतो आहे.

आम्ही लिंगायत वाणी. किराणा आणि तंबाखूचं दुकान. आमच्यात मूल जन्मलं की गुरू त्याला इष्टलिंग देतात. चांदीच्या लहान डबीत ठेवलेलं हे लिंग दोऱ्यानं गळ्यात घालायचं. त्या दोऱ्याला शिवदारा म्हणतात. रोज सकाळी लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची आणि मगच अन्न घ्यायचं. माणूस मेला तरी ते त्याच्यापासून वेगळं करत नाहीत, त्याच्याबरोबरच मातीत जातं. एका लिंगाचा एकच धनी. दुसऱ्याचं लिंग कुणी गळ्यात घालत नाही. परक्या माणसाला हे सांगून पटत नाही. आम्हाला सांगावं लागत नाही.

आक्का माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. लग्नानंतर चार वर्षांत विधवा होऊन माघारी आली आणि आमच्याच घरात राहिली. गावच्या मठात वर्षातून एकदा मोठा प्रसाद असायचा, त्या दिवशी हुग्गी, म्हणजे गव्हाची गूळ घातलेली खीर, शिजवण्याचं काम तिचं. माणसाच्या कमरेएवढी कढई, आणि ती एकटी पहाटेपासून उलथनं फिरवत उभी. गूळ कधी घालायचा हे ती वासावरून ठरवायची. बाकीच्या बाया तिला विचारून लाकूड सारायच्या. तिला घरात काही नव्हतं, मूल नाही, स्वतःची चूल नाही, पण त्या एका दिवशी सगळा गाव तिच्या हाताकडे बघायचा. हे मला तेव्हा कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही. कळत होतं.

गालात चुन्याची आणि तंबाखूची गोळी ठेवायची मला विशीपासूनची सवय. दुकानातच माल, मग काय. चाळिशी उलटली आणि उजव्या गालात आतून एक पांढरट चट्टा उठला. तो कवडीएवढा झाला, मग त्याला कड आली, मग तिखट सोसेना, मग भाकरी चावेना. मी बीडला हकीमसाहेबांकडे गेलो. म्हातारा, सुरमा घातलेला, खरा माणूस. त्यांनी बोट घालून चाचपलं, मानेखाली दाबून बघितलं आणि हात धुऊन म्हणाले, "ये सरतान है, मियाँ. हमारे बस का नहीं. अंग्रेजी मुल्क में जाओ, वहाँ काटते हैं." सरतान म्हणजे कर्करोग. त्यांनी पुडी दिली नाही, काढा दिला नाही. दुसऱ्या कुणी महिनाभर झुलवलं असतं तर हे लिहायला मी नसतो.

आमच्या घरात तेव्हा बाळंतपण होतं. बायको निघू शकत नव्हती. आक्का म्हणाली, मी येते. गावाबाहेर तिनं कपिलधारच्या देवस्थानापेक्षा लांबचं काही पाहिलं नव्हतं. तिनं हुलग्याचं पीठ, मीठ, तिखट आणि दोन लुगडी एका गाठोड्यात बांधली आणि मोटारीत माझ्या शेजारी बसली. नगरच्या वाटेवर सरहद्दीला करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका लागायचा. शिपायानं गाठोडं सोडायला लावलं, पिठात हात घालून बघितलं. आक्का त्याला म्हणाली, "हात घातलास तर घातलास, पर धुतला व्हतास का रे बाबा?" मोटारीतले सगळे हसले, शिपाईही हसला. निजामाचं राज्य असं हसत हसत मागे पडलं.

ज्या शहरात आणि ज्या दवाखान्यात मी बरा झालो, त्यांची नावं मी लिहीत नाही. त्यांनी मला जीव दिला, त्यांना माझ्या घरच्या भानगडीत कशाला ओढू. दवाखाना मोठा होता, फरशा इतक्या स्वच्छ की आक्का पहिले दोन दिवस चपला हातात घेऊन चालत होती. आम्ही आलो की तिथले नोकर एकमेकांना म्हणायचे, "मोगलाईतले आले." कागदावर सही करायला सांगितली तर मी उर्दूत केली, कारण आमच्याकडे शाळा उर्दूचीच. कारकुनानं कागद उलटा-सुलटा करून बघितला आणि विचारलं, नाव तर हिंदूचं, मग ही सही कुणाची? मी म्हणालो, माझीच, आमच्याकडे अशीच करतात.

डॉक्टर गोरा होता. मराठी बोलायचा, पण पोथी वाचल्यासारखी. "आपण किती वर्षे तंबाखू भक्षण करीत आहात?" असं त्यानं विचारलं तेव्हा आक्कानं पदर तोंडाला लावला. तपासून झाल्यावर त्यानं काही लपवलं नाही. गालातली गाठ कापायची, मानेतल्या गाठी काढायच्या आणि मग रेडियम नावाच्या धातूच्या बारीक सुया गालात आठवडाभर ठेवायच्या. वाचाल की नाही हे आज सांगता येत नाही, पण न केलं तर वर्ष निघणार नाही हे सांगता येतं. मला त्याचं बोलणं आवडलं. मी म्हणालो, करा.

आता जे सांगायचं आहे ते इथं येतं.

ऑपरेशनच्या सकाळी नर्स आली आणि गळ्यातलं सगळं काढा म्हणाली. आक्का उठून उभी राहिली. तिनं नर्सला सांगितलं की हा दागिना नाही, हे अंगावरून उतरवत नाहीत. गळ्याला चिरायचं असेल तर दंडाला बांधते, तुम्हाला आडवं येणार नाही. नर्स ऐकेना. तेव्हा आक्का स्वतः बाहेर जाऊन डॉक्टरांपुढे उभी राहिली. काय बोलली मला ऐकू आलं नाही. थोड्या वेळानं डॉक्टर आत आले, त्यांनी डबी हातात न घेता वाकून बघितली आणि म्हणाले, गळ्यात नको, डाव्या दंडावर बांधा, स्वच्छ पट्टीत गुंडाळा, माझी हरकत नाही. आक्कानं नर्सकडून पट्टी घेतली. तिच्या तोंडावर असा आनंद होता की जणू अर्धं दुखणं तिथंच बरं झालं.

पण आदल्या दिवशी माझ्या शेजारच्या खाटेवरच्या माणसानं, तो गिरणीतला जॉबर होता, मला एक सांगितलं होतं. त्याच्या आधी त्या खाटेवर एकजण होता, त्याच्या हातात चांदीचं कडं होतं. रेडियम चांदीकडे ओढलं जातं, त्यामुळे गालातला रोग तसाच राहिला आणि हात मात्र सडला. जॉबरनं हे कुठून ऐकलं होतं देव जाणे. माझ्या डोक्यातून ते निघेना. डॉक्टरांना विचारायला हवं होतं, एका शब्दात फिटलं असतं. पण मला वाटलं, विचारलं तर हसतील, मोगलाईतला म्हणतील.

आक्का पट्टी घेऊन वाकली. मी तिचा हात धरला.

"नको बांधू. काढ."

"डाक्तर व्हय म्हणले की रे."

"म्हणू दे. चांदी नको अंगावर. काढ म्हणतोय ना."

"कावून पर? सुखासुखी हाय तसं ऱ्हाऊ दे."

"मला जगायचं हाय, आक्का."

तिनं दारा सोडला नाही. दोन पावलं मागे सरली. मग मी स्वतः गाठ सोडायला गेलो. गुरूंनी बांधलेली गाठ, वर्षानुवर्षांची, सुटेना. नर्सच्या थाळीत कात्री होती. मी ती मागितली. नर्सनं दिली. मी स्वतःच्या हातानं शिवदारा कापला आणि डबी आक्काच्या हातावर ठेवली. तिनं डावा तळहात पुढे केला, पूजेला धरतात तसा. उजव्या हातानं वरून झाकला आणि बाहेर गेली.

एवढंच घडलं. मी शुद्धीत होतो. क्लोरोफॉर्म त्यानंतर अर्ध्या तासानं दिला.

ऑपरेशन चांगलं झालं. जाग आली तेव्हा डोकं पट्ट्यांत बांधलेलं आणि तोंडात कापसाचा बोळा. सुया ठेवलेल्या दिवसांत आम्हाला वेगळ्या खोलीत ठेवायचे, नातेवाइकांनी दारातूनच बघायचं, तेही थोडा वेळ. आक्का रोज दारात यायची. डावी मूठ बंद. मला बोलता येत नव्हतं, मी डोळ्यांनी विचारायचो, ती मान हलवायची, हाय.

ती जिथं उतरली होती त्या धर्मशाळेत आणखी एका रोग्याची बायको होती. ती पुढे मला भेटायला आली तेव्हा तिनं सांगितलं, तुमची बहीण दिवसाला वाटीभर दूध आणि एक केळं यावर राहिली. भाकरीला हात लावला नाही. विचारलं तर म्हणायची, त्याचं लिंग अंगावर नाही, नियमानं त्यानं जेवू नये, पण त्याला नळीनं दूध चाललंय, तो रोगी आहे. मग त्याच्या वाटचा उपास कुणीतरी धरायला पाहिजे. आंघोळीच्या वेळी डबी उजव्या हातात, जेवताना डाव्या, झोपताना पदरात गुंडाळून मुठीत. स्वतःच्या गळ्यात तिनं ती घातली नाही, कारण तिच्या गळ्यात तिचं स्वतःचं लिंग होतं.

सुया काढल्या त्या दिवशी तिनं दवाखान्याच्याच पट्टीची कड फाडून तिची दोरी वळली आणि डबी माझ्या गळ्यात घातली. मग खाली बसून गाठोड्यातल्या शिळ्या भाकरीचा तुकडा तोडून खाल्ला.

बरं व्हायला दोन महिने लागले. ते दिवस कठीण होते, पण मला त्यांचा कंटाळा आला नाही. गालाची कातडी जळून काळी पडली आणि पापुद्र्यांनी सुटली. जबडा बोटभरही उघडेना. डॉक्टरांनी लाकडाच्या चपट्या पट्ट्या दिल्या, रोज दातांत एकावर एक सारायच्या, आज तीन तर आठवड्यानं चार. डोळ्यांतून पाणी यायचं. मी आक्काला सांगायचो, मोज. ती मोजायची आणि खोटं सांगायची, एक जास्तीची. सातव्या पट्टीला मी शीळ घालून दाखवली तर नर्स बघायला आली. जिभेची चव पार गेली होती. आक्का धर्मशाळेच्या चुलीवर हुलग्याचं माडगं करून कपात आणायची, मला ते कोमट पाण्यासारखं लागायचं. एके दिवशी घोट घेतला आणि मीठ लागलं. मी कप खाली ठेवून तिला म्हणालो, मीठ जास्ती झालंय. ती म्हणाली, "कवापासून जास्तीच घालतेय, तुला लागंना म्हणून." आम्ही दोघं त्या खाटेवर बसून हसलो, मी अर्ध्या तोंडानं.

परत येताना नगरपर्यंतच्या आगगाडीत तिनं एकच गोष्ट दोनदा सांगितली. गावी गेल्यावर स्वामींना सगळं खरं सांग. भीतीपोटी काढलं म्हण. प्रायश्चित्त देतील, नवा दारा बांधतील, मिटलं. मी हो म्हणालो. तेव्हा माझ्या मनात खोटं नव्हतं.

गावात आमची वाट बघत होते. मी मेलो म्हणून दोनदा बातमी आली होती, त्यामुळे मी चालत आलेला बघायला सगळी आळी ओसरीवर जमली. कुणी गाल बघत होतं, कुणी जबडा उघडायला लावत होतं. एकजण म्हणाला, "आरं, ह्यानं मरणाला तंबाखू चारून परत लावून दिलं." हशा झाला. मी बोलत होतो, सुयांचं सांगत होतो, आणि लोक मान डोलवत होते. उभ्या आयुष्यात माझं इतकं कुणी ऐकलं नव्हतं. तेवढ्यात मठाचे जंगम स्वामी आले. मी वाकलो तशी गळ्यातली पट्टीची दोरी त्यांना दिसली.

"हा दारा आमचा न्हाई," ते म्हणाले. "पहिला कुणी सोडला?"

आक्का आतल्या दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. मी तिच्याकडे बघितलं. मी मठाचा पंच होतो. हेच लोक आत्ता मला शूर म्हणाले होते. जॉबरचं ऐकून, चांदीला भिऊन, डॉक्टरांची परवानगी असताना मी कात्री मागितली, हे मला त्यांच्यासमोर तोंडातून काढवेना.

मी म्हणालो, "मी शुद्धीत नव्हतो. आक्कानं सोडलं."

स्वामींनी तिच्याकडे बघून विचारलं, "व्हय का?"

तिनं तांब्या खाली ठेवला. पदर नीट केला. "व्हय," म्हणाली.

स्वामी वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, भावाच्या जिवासाठी केलं, दोष मोठा नाही. बेशुद्धाला तर दोषच नाही. माझा दारा त्यांनी तिथंच विधी करून बदलला. आक्काला मात्र सांगितलं की यंदाच्या प्रसादाच्या चुलीला हात लावू नको, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षाच्या आत स्वामी समाधिस्थ झाले. नवे आले ते लांबचे, त्यांना हे काही माहीत नव्हतं आणि त्यांनी काही विचारलं नाही. कुणी उठवलं नाही म्हणून ते बंधन तसंच राहिलं. पंच म्हणून मी एक शब्द बोललो असतो तर उठलं असतं. त्या शब्दाला कारण द्यावं लागलं असतं, म्हणून मी बोललो नाही.

आक्का पुढं दर साली आदल्या दिवशी मठात जायची, गहू सडायची, पाखडायची, आणि प्रसादाच्या दिवशी बायांच्या ओळीत शेवटी बसून वाढलेली हुग्गी खायची. एकदा एका म्हातारीनं मोठ्यानं म्हटलं की आक्का उभी असायची तेव्हाची चव राहिली नाही. आक्का म्हणाली, गूळच आता तसला येत न्हाई. घरी आल्यावर ती माझ्याशी नेहमीसारखीच वागली. कधी टोमणा नाही, अबोला नाही. तिनं भांडण केलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

मी प्रयत्न केला नाही असं नाही. एकदा आम्ही दोघं कपिलधारला गेलतो. दर्शन घेऊन पाण्याच्या धारेजवळ बसलो होतो. मी म्हणालो, आक्का, त्या दवाखान्यात त्या दिवशी... ती म्हणाली, तुझ्या त्या गालाला गार वारं सोसत न्हाई, उपरणं गुंडाळ. मी उपरणं गुंडाळलं आणि बोलणं सोडून दिलं. तिनं विषय टाळला असं मी कित्येक वर्षं स्वतःला सांगितलं. ते खरं नाही. तिला माझ्या गालाची काळजी होती, एवढंच. उपरणं गुंडाळूनही मला बोलता आलं असतं.

निजामाचं राज्य गेलं. आम्ही म्हातारे झालो. धारूरला आक्काच्या नणंदेच्या घरी लग्न होतं, तिथं ती आठ दिवस आधी गेली आणि तापानं आजारी पडली. निरोप आला तसा मी निघालो. वाटेत सगळं ठरवलं होतं, पहिलं वाक्य कुठलं, नंतरचं कुठलं. पोचलो तर ती जागी होती. खोलीत नणंद होती, तिच्या सुना होत्या, तिथले जंगम होते, लग्नाला आलेले आमच्या गावचे चौघेही होते, ज्यांत दोघे त्या दिवशी आमच्या ओसरीवर बसलेले. मी ठरवलं, हे सगळे बाहेर गेले की बोलू. आक्कानं विचारलं, जेवलास का. मी म्हणालो, जेवलो. ती म्हणाली, गाल दुखत न्हाई ना आता. मी म्हणालो, न्हाई. आणि लोकांच्या बाहेर जाण्याची वाट बघत बसलो. लोक बाहेर गेले नाहीत. दुपारी ती गेली.

मला आता कळतं की त्यांच्या बाहेर जाण्याची वाट बघणं हीच माझी चूक होती. खोटं मी चारचौघांत बोललो होतो. खरंही चारचौघांतच बोलायला हवं होतं, आणि चारचौघे तिथं होतेच. मी उभं राहून, तिथल्या जंगमांच्या आणि आमच्या गावकऱ्यांच्या तोंडावर, तिला ऐकू जाईल असं म्हणायचं होतं ते असं:

आक्का, शिवदारा तू सोडला नाहीस. तू नको म्हणत होतीस. डॉक्टर व्हय म्हणाले होते, तरी मी भ्यालो आणि माझ्या हातानं कापला, आणि घरी येऊन तुझ्यावर घातला. चुलीपासून तुला मी उठवलं. माझं चुकलं आक्का, मला माफ कर.